गड लांब, लेन्स वाइड : निसर्गचित्रणाबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचा रोख एकच आहे : डोंगरदऱ्यांचे फोटो काढायला वाइड लेन्स घ्यावी की स्टँडर्ड? उत्तरांत फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा पडदा, ३६ बाय २४ मिमीचा) १४ ते २४ मिमी फोकल लेंथला वाइड आणि ४० ते ६० मिमीला स्टँडर्ड म्हटलं आहे. फोकल लेंथचा आकडा लहान, तेवढं दृश्य जास्त मावतं. त्याहून लहान असलेल्या क्रॉप सेन्सरवर हेच आकडे साधारण १० ते १६ आणि २८ ते ४० असे होतात.

प्रश्न : माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. सुटी मिळाली की किल्ल्यांवर जातो. माचीवर उभं राहिलं की समोरचा पसारा १८ वरसुद्धा मावत नाही, म्हणून १०-१८ च्या जातीची वाइड घ्यायचं मनात आहे. मित्र म्हणतो, ३५ ची प्राइम (झूम नसलेली, एकाच फोकल लेंथची लेन्स) घे, फोटो सुधारतील. कोणाचं ऐकू? (पुणे)

उत्तर : पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ कॉम्प्युटरसमोर बसा. गेल्या वर्षभरातले, तुम्हाला मनापासून आवडलेले पन्नास फोटो बाजूला काढा आणि प्रत्येकाची फोकल लेंथ बघा. फाइलच्या माहितीत ती नोंदलेली असते. १८ वर काढलेले किती ते मोजा, आणि त्यातले किती नंतर कडा कापून लहान केले तेही मोजा. १८ वरचे बरेचसे फोटो तुम्ही कापत असाल, तर १० मिमीने तुमचं दुखणं वाढणार आहे.

कारण साध्या गणितात आहे. समजा, तीन किलोमीटरवरचा किल्ला पायथ्यापासून ३०० मीटर उठलेला आहे. सेन्सरवर तो किती उंच उमटेल? किल्ल्याच्या उंचीला अंतराने भागायचं आणि फोकल लेंथने गुणायचं. इथे उंची अंतराच्या एक दशांश आहे. म्हणून १० मिमीवर किल्ला सेन्सरवर १ मिमीचा, १८ वर १.८ मिमीचा, ३५ वर साडेतीन आणि ५५ वर साडेपाच मिमीचा. तुमच्या सेन्सरची उंची साधारण साडेपंधरा मिमी. म्हणजे १० मिमीवर किल्ला फ्रेमच्या उंचीचा जेमतेम पंधरावा हिस्सा व्यापतो, ५५ वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. माचीवरून अंगावर येणारा किल्ला घरी आल्यावर फोटोत टेंगळाएवढा का दिसतो, ते यावरून कळेल.

वाइडमध्ये जास्त मावतं हे खरंच आहे. पण मावलेलं सगळं लहान होतं, आणि मोठं राहतं ते फक्त कॅमेऱ्याच्या अगदी जवळचं. हातभर अंतरावर तटाचा दगड, पायरी, पाण्याचं टाकं, शेवाळलेलं खोड असं काही असेल आणि त्याच्यामागे डोंगर असेल, तर वाइड तिथे कमाल करते. जवळ काहीच नसेल तर तीच लेन्स खाली रिकामं गवत, वर रिकामं आभाळ आणि मधे डोंगरांची दोरी देते. सह्याद्रीत माचीवरून दिसणारी एकामागे एक रांग हा वाइडचा विषय नाहीच. तिथे ३५ ते ५५, आणि खुशाल त्याच्याही पुढे जा.

मित्राचा सल्ला दिशेने बरोबर आहे, पण ३५ मिमी तुमच्या लेन्समध्ये आधीच आहे. प्राइमची खरी कमाई एफ/१.८ ची, निसर्गचित्रात तुम्ही एफ/८ वर काम करणार. (एफचा आकडा लेन्सच्या भोकाचा : आकडा लहान तेवढं भोक मोठं, आणि आकडा मोठा तेवढा खोलवर शार्प पट्टा.) ट्रायपॉडवर, एफ/८ ला, ३५ वर ठेवलेली तुमची १८-५५ आणि ३५ ची प्राइम यांतला फरक मोठ्या प्रिंटच्या कोपऱ्यांत शोधावा लागतो. म्हणून महिनाभर झूमची रिंग ३५ वर ठेवा आणि कागदी टेपने बांधून टाका. (वायरवरची काळी टेप लावू नका, तिचा डिंक रबरावर राहतो.) सुरुवातीला गुदमरायला होईल. मग पाय हलायला लागतील.

वाइड घ्यावी ती कोणी? ज्यांना मागे सरकायला जागाच नसते त्यांनी. साम्रदजवळच्या सांदण दरीत भिंती दोन्ही बाजूंनी अंगाशी येतात, हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उभं राहून काढावं लागतं, रतनगडाच्या नेढ्यात (कातळाला आरपार पडलेल्या भोकात) बसून बाहेर बघायचं असतं. अशा जागी १८ खरोखर अपुरी पडते. तुमच्या पन्नास फोटोंत अशा जागा दहा-पंधरा निघाल्या, तर वाइड घ्या आणि बिनधास्त घ्या.

प्रश्न : कासला फुलांच्या दिवसांत १६-३५ घेऊन गेलो. फुल फ्रेम, १६ मिमी, एफ/११, ट्रायपॉड, सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. तरी फुलांचा नुसता रंगीत चिखल दिसतो. एका फोटोत फूल शार्प आणि मागचे डोंगर धूसर, दुसऱ्यात उलटं. कुठे चुकलं? (सातारा)

उत्तर : दोन चुका आहेत, एक उंचीची आणि एक फोकसची.

आधी उंची. दहा सेंमीचा फुलांचा झुबका तुम्ही उभ्याने, दीड मीटरवरून १६ मिमीने टिपलात, तर सेन्सरवर तो १ मिमीचा होतो. सेन्सर २४ मिमी उंच. चोविसाव्या हिश्श्यात फूल ओळखू येणार नाही, रंगाचा ठिपकाच येणार. तोच झुबका सेन्सरपासून ४० सेंमीवर आणलात तर ४ मिमी, म्हणजे सहावा हिस्सा. आता पाकळ्या दिसतील. म्हणजे गुडघ्यावर बसणं भाग आहे, आणि ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढण्याऐवजी पाय पसरून तो जमिनीलगत आणणंही.

आता फोकस. फूल आणि डोंगर दोन्ही शार्प हवे असतील तर फोकस दोघांवरही करायचा नाही. दोघांच्या मधलं एक अंतर असतं, त्याला हायपरफोकल अंतर म्हणतात. तिथे फोकस केला की त्याच्या निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प येतं. फुल फ्रेमवर एफ/११ ला १६ मिमीसाठी ते सुमारे ०.८ मीटर आहे, २४ साठी पावणेदोन, ३५ साठी ३.७ आणि ५० साठी ७.६ मीटर. तुम्ही फुलावर फोकस केलात तेव्हा डोंगर गेले. डोंगरावर केलात तेव्हा ०.८ मीटरच्या अलीकडचं सगळं गेलं. ०.८ वर केला असतात तर ४० सेंमीपासून पुढे मिळालं असतं.

इथे बरेच जण एका बारीक गोष्टीत फसतात. हे अंतर लेन्सच्या काचेपासून मोजायचं नसतं, सेन्सरपासून मोजायचं असतं. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या वरच्या बाजूला आडवी रेघ गेलेलं छोटं वर्तुळ कोरलेलं असतं. ती सेन्सरची जागा. लेन्स आणि तिच्यामागचा कॅमेऱ्याचा भाग धरता, सेन्सरपासून ४० सेंमीवरचं फूल काचेपासून जेमतेम वीतभर-सव्वा वीत लांब असतं. काचेपासून ४० सेंमी मोजलेत तर फूल अकारण लहान होईल.

वरचे आकडे मध्यम प्रिंटला पुरतात. दोन फुटांहून मोठी प्रिंट काढायची असेल, तर फुलावर एक आणि डोंगरावर एक असे दोन फोटो काढून जोडावेत. मात्र पठारावर वारा पडलेला असेल तरच. दोन फोटोंच्या मधे फूल हललं की जोडताना त्याच्या कडेला दुहेरी सावली राहते आणि ती पुसता पुसत नाही. वाऱ्यात एकच फोटो, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनक्षमता) ४०० ते ८००, शटर १/२५० सेकंदाच्या आसपास, आणि वाऱ्याच्या दोन झुळकांमधल्या थांब्याची वाट बघणं. फूल जेवढं लेन्सजवळ, तेवढी त्याची हालचाल फ्रेममध्ये मोठी दिसते, हे वाइडवाल्यांनी विसरू नये.

आणि कासबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं. हे पठार जांभ्या खडकाचं आहे, वर मातीचा थर पातळ. सीतेची आसवे किंवा गेंद यांसारख्या बोटभर-वीतभर झाडांवर एक बूट पडला की तेवढा तुकडा त्या वर्षापुरता गेला. पश्चिम घाटाच्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे. वाटेवरूनच फोटो काढायचे, आणि वाटेच्या कडेला ४० सेंमीवर झुबका मिळाला नाही तर वाइड पिशवीत ठेवायची. तिथे ५० ते ७० मिमी लावा, कॅमेरा कंबरेच्याही खाली घ्या. नजर जमिनीलगत गेली की फुलांमधली उघडी माती आणि खडक झाकले जातात आणि सोनकीचा पिवळा पट्टा, तेरड्याचा गुलाबी पट्टा असे थर एकमेकांवर चढतात. ५० मिमी, एफ/११, साडेसात मीटरवर फोकस, म्हणजे पावणेचार मीटरपासून पुढचं सगळं शार्प. तुम्ही ज्याला रंगीत चिखल म्हणता, त्याचाच असा गालिचा होतो. कासचे बरेच चांगले फोटो याच पद्धतीने निघू शकतात.

प्रश्न : ५० मिमी लेन्स डोळ्यासारखं बघते आणि वाइड लेन्स दृश्य वाकवते, हे खरं का? (ठाणे)

उत्तर : अर्धंच. जवळचं मोठं आणि लांबचं लहान हे प्रमाण तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं, लेन्सवर नाही. एकाच जागेवरून १८ वर आणि ५५ वर एकेक फोटो काढा. १८ चा मधला भाग ५५ एवढा कापा. झाड आणि मागचा डोंगर यांचं प्रमाण दोन्हींत तंतोतंत सारखं निघेल. वाइड लावल्यावर आपण पुढे सरकतो, आणि सरकल्याने प्रमाण बदलतं. फुल फ्रेमचा कर्ण ४३ मिमीच्या जवळपास आहे. त्याच्या आसपासच्या फोकल लेंथला स्टँडर्ड म्हणण्याची रीत आहे, एवढंच.

प्रश्न : हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचा फोटो १६ मिमीने काढला. कड्याची कमान आली, पण कडेला उभा असलेला मित्र आडवा फुगलेला दिसतो आणि क्षितिज धनुष्यासारखं वाकलंय. ५० ने काढला तर अर्धा कडाही मावत नाही. (संगमनेर)

उत्तर : कोकणकडा ही वाइडची हक्काची जागा आहे. तुम्ही कमानीच्या काठावरच असता, कडा दोन्ही बाजूंनी तुम्हाला कवेत घेतो, मागे सरकलात तर तो दिसेनासाच होतो. लेन्स बरोबर निवडलीत, माणूस चुकीच्या जागी उभा केलात.

सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या वाइड लेन्सला त्याची किंमत कडांवर मोजावी लागते. १६ मिमीला आडव्या फ्रेमच्या टोकाशी असलेलं डोकं उंचीच्या मानाने सुमारे दीडपट रुंद होतं. तोच माणूस फ्रेमच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात आणलात तर हा ताण सात टक्क्यांच्या आत राहतो, डोळ्याला कळतसुद्धा नाही. ५० मिमीला टोकाशीही तो सहा टक्क्यांच्या आसपासच असतो. म्हणून वाइडमध्ये माणूस मधे, दगड-गवत कडेला. दगड थोडा फुगला तर कोणी हरकत घेत नाही.

क्षितिज वाकलं ते लेन्सच्या ठेवणीतल्या वक्रतेमुळे. क्षितिज फ्रेमच्या मधोमध असताना ती दिसत नाही. खाली दरी जास्त घ्यायची म्हणून कॅमेरा झुकवला, क्षितिज वरच्या कडेला गेलं, की दिसू लागते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) कॉम्प्युटरवर उघडल्यावर लेन्स प्रोफाइलचं बटण दाबलंत की बहुतांशी सरळ होते. त्यात कडा थोड्या कापल्या जातात, तेव्हा काढतानाच चार बोटं जागा जास्त सोडा.

आता ५० ने कडा मावत नाही याबद्दल. एका फोटोत नाही मावत, सातांत सहज मावतो. कॅमेरा उभा धरा. उभ्या फ्रेममध्ये ५० मिमी आडवं २७ अंश बघते. दर फोटोत एक तृतीयांश भाग आधीच्यावर चढवला तर प्रत्येक नवा फोटो १८ अंश पुढे नेतो. सात फोटोंत १३५ अंश होतात, १६ मिमीच्या ९७ अंशांपेक्षा कितीतरी जास्त. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात जोडलेलं चित्र सुमारे वीस हजार पिक्सेल रुंद निघतं आणि पलीकडचे सुळके टेंगळं न राहता सुळके राहतात. उंचीला मात्र ४० अंशच मिळतात, पायाखालची दरी त्यात येणार नाही. ती हवी असेल तर खालच्या बाजूने दुसरी ओळ काढावी लागते.

जोडकाम बिघडतं ते बहुधा काढतानाच. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा आणि सगळ्यात उजळ भागाकडे बघून ठरवा. ऑटोवर ठेवलंत तर आभाळात पट्टे उमटतात. व्हाइट बॅलन्स एकच, फोकस एकदा करून मॅन्युअलवर. पोलरायझर (चकाकी कमी करणारा, आभाळ गडद करणारा फिरता फिल्टर) काढून ठेवा. पहिल्या फोटोआधी एक फोटो स्वतःच्या पंजाचा काढा, घरी शेकडो फाइलींमध्ये सुरुवात लगेच सापडते. सगळे फोटो दहा-पंधरा सेकंदांत उरका, ढग थांबत नाहीत. वळताना कॅमेरा हातभर पुढे धरून अंगाभोवती फिरवू नका. लेन्सच जागच्या जागी फिरतेय, असं वळा. जवळची गोष्ट दहा मीटरच्या पलीकडे असेल तर हातात धरूनही निभावतं. कड्याच्या काठाचा दगड एक-दीड मीटरवर फ्रेममध्ये असेल तर नाही निभावणार; दगड दोनदा येतो किंवा मधेच तुटतो. तेव्हा एकच वाइड फोटो घ्या.

कोकणातून वर येणारा वारा तिथे जोराचा असतो. ट्रायपॉडला पिशवी लटकवायची तर तिचा तळ जमिनीला टेकलेला ठेवा, अधांतरी पिशवी झुलते आणि उलट ट्रायपॉडच हलवते. ट्रायपॉडचा कोणताही पाय काठापासून दोन हातांच्या आत नको, आणि तुमचाही नको.

प्रश्न : अमेरिकन निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि त्यांच्या मंडळींच्या गटाचं नावच एफ/६४ होतं. मग निसर्गचित्राला एफ/११ च्या पुढे जाऊ नका असं तुम्ही का सांगता? माझी लेन्स एफ/२२ पर्यंत जाते. (मुंबई)

उत्तर : १९३२ साली कॅलिफोर्नियात जमलेल्या त्या गटातले छायाचित्रकार मोठ्या निगेटिव्हवर काम करत. आठ बाय दहा इंचाच्या निगेटिव्हला स्टँडर्ड लेन्स ३०० मिमीची लागते. ३०० भागिले ६४, म्हणजे पावणेपाच मिमीचं भोक. तुमच्या फुल फ्रेमवर तेवढंच दृश्य ४० मिमी लेन्समध्ये येतं आणि पावणेपाच मिमीचं भोक म्हणजे एफ/८ ते एफ/९. खोलवर शार्प येणारा पट्टा दोघांचा जवळपास सारखा. तुम्ही एफ/८ लावता तेव्हा त्यांच्या एफ/६४ पाशीच असता.

एफ/२२ वर नुकसान होतं ते प्रकाश बारीक भोकातून जाताना पसरतो म्हणून. एका बिंदूचा एफ/८ ला सेन्सरवर सुमारे ११ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) ठिपका होतो, एफ/२२ ला ३० मायक्रॉनचा. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एक पिक्सेल ४ मायक्रॉनच्या आत असतो. गवताची पाती, तटाच्या दगडांमधल्या फटी, सगळं थोडं थोडं मऊ होतं आणि ते शार्पनिंगने पुरतं भरून येत नाही. सूर्याचा तारा हवा असेल तर एफ/१६, त्यापुढे शक्यतो नको.

प्रश्न : पुढच्या महिन्यात ग्रँड कॅनियनला जातोय. एकच लेन्स नेता येईल. १६-३५ की २४-७०? (डॅलस)

उत्तर : २४-७०. दक्षिण काठावरून उत्तर काठ सरळ रेषेत सुमारे सोळा किलोमीटर लांब आहे. १६ मिमीला तो सगळा पसारा एक पट्टी होऊन जातो. सकाळ-संध्याकाळ तिरप्या उन्हात सावल्या खडकांचे थर वेगळे करतात, ते ५० ते ७० मध्ये उचला. काठावरचं वाकडं जुनिपर पुढ्यात मिळालं तर २४ पुरेशी वाइड आहे.

प्रश्न : आंबोलीत भर पावसात १६ मिमीने काढलेल्या प्रत्येक फोटोवर पांढुरके डाग आहेत. त्याच पावसात ५० ने काढलेले फोटो स्वच्छ. वाइड लेन्स खराब आहे का? शिवाय पोलरायझर लावला की एका फोटोत आभाळाचा एकच तुकडा काळानिळा झाला. (सावंतवाडी)

उत्तर : लेन्स ठणठणीत आहे. १६ मिमी एफ/१६ ला भोक असतं १ मिमीचं. काचेवरचा दीड मिमीचा थेंब त्या दिशेने येणारा जवळजवळ सगळा प्रकाश अडवतो, म्हणून डाग उमटतो. ५० मिमी एफ/८ ला भोक सव्वासहा मिमीचं. तोच थेंब त्यातला जेमतेम सहा टक्के झाकतो, डाग विरून जातो. त्यात वाइडचा हूड (लेन्सच्या तोंडावरची कड) उथळ, पाऊस सरळ काचेवर येतो. पावसात वाइडवर एफ/५.६ ते एफ/८ वर थांबा, कॅमेरा वर करू नका, आणि फोटो काढेपर्यंत लेन्ससमोर टोपी किंवा तळहात धरा. दर दोन-तीन फोटोंनी कोरड्या मायक्रोफायबरने पुसायचं, म्हणून असे तीन-चार तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन जा. एक भिजला की पुढचे सगळे डाग तोच पसरवतो.

पोलरायझरचा जोर सूर्यापासून ९० अंशांवरच्या आभाळावर सगळ्यात जास्त असतो. १६ मिमी एका फ्रेममध्ये ९७ अंश घेते, म्हणून पूर्ण जोर आणि अजिबात जोर नसलेला भाग दोन्ही एकत्र येतात. निळं आभाळ फ्रेममध्ये असेल तर वाइडवर पोलरायझर नकोच. पण ढगांनी भरलेल्या आंबोलीत तो काढू नका. ओल्या पानांवरची आणि खडकांवरची पांढरी चकाकी त्याच्यामुळेच जाते आणि खालचा हिरवा दिसतो. एका ओल्या पानावर नजर ठेवून रिंग सावकाश फिरवा, चकाकी गेली की थांबा. दीड ते दोन स्टॉप प्रकाश कमी होईल (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तेवढा शटर उघडं राहण्याचा वेळ वाढवा. यूव्ही फिल्टर खाली ठेवून वर पोलरायझर चढवला असेल तर १६ वर चारही कोपरे काळे पडतात. यूव्ही आधी काढा.

आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या पिशवीची चेन उघडू नका. थंड काच दमट हवेत आली की आतून-बाहेरून धुकं धरते आणि ते पुसून जात नाही. पिशवी बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, नाहीतर शेवटच्या घाटात एसी बंद करून काचा खाली करा.